ए, बी, सी आणि आम्ही

रोमन वर्णमालेच्या अगदी शेवटी उभी असलेली वाय आणि झेड ही दोन अक्षरे जगातील यच्चयावत कारखानदार, घाऊक व्यापारी, औषधकंपन्या आणि सरकारी महामंडळे यांच्या लहरींसाठी राखून ठेवण्याचे औदार्य जर्मनीतील सॅप या कंपनीने दाखविले, तेव्हा त्या बिचाऱ्या अक्षरांवर पुढे केवढा भार पडणार आहे याचा अंदाज खुद्द ब्रह्मदेवालाही आला नसेल. १९७२ साली आयबीएमची नोकरी सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ही कंपनी काढली. खरेदी, विक्री, गुदाम, उत्पादन, पगार आणि जमाखर्च या सर्व खात्यांचा कारभार एकाच प्रणालीत चालावा, गुदामात माल उतरला की हिशेबखात्यात त्याची नोंद आपोआप पडावी, आणि एकच आकडा चार कारकुनांनी चार वह्यांत चार प्रकारे लिहिण्याची सनातन परंपरा एकदाची संपुष्टात यावी, ही त्यांची कल्पना. कल्पना इतकी उत्तम होती की मोठमोठ्या पेढ्यांनी ती भरमसाट पैसे मोजून विकत घेतली, आणि विकत घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी "हे सगळं ठीक आहे हो, पण आमच्याकडे असं चालत नाही," असे म्हणावयास सुरुवात केली.

या वाक्यातून झेड प्रोग्रॅमचा जन्म होतो. सॅपने स्वतः लिहिलेल्या वस्तू आणि ग्राहकाने आपल्या सोयीसाठी लिहून घेतलेल्या वस्तू यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून ग्राहकाच्या वस्तूचे नाव झेड किंवा वाय या अक्षराने सुरू व्हावे असा शिरस्ता आहे. आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत आमच्या पुण्यात जी मुले-मुली सकाळी कंपनीच्या बसमध्ये पेंगत कामावर जातात, त्यांतील कित्येकांच्या घराचे हप्ते या एका अक्षरावर फिटत आलेले आहेत. ज्यांना जर्मन भाषेत कोणाची साधी चौकशी करता येणार नाही, अशा या मंडळींना व्हीबीएके, केयूएनएनआर, बीयूकेआरएस ही जर्मन शब्दांची संक्षिप्त रूपे मात्र झोपेतून उठवले तरी बिनचूक म्हणता येतात.

एवढ्यावर भागले असते तर प्रस्तुत लेखास कारण उरले नसते. परंतु सॅपचा एबॅप भाषेत लिहिलेला मूळ कोड ग्राहकाला वाचावयास मोकळा असतो, आणि वाचावयास मिळालेल्या मजकुरात दुरुस्ती सुचविल्यावाचून ज्याला राहवते असा पुणेकर मी अद्याप पाहिलेला नाही. पूर्वी ही दुरुस्ती करण्यासाठी कंपनीकडून त्या त्या वस्तूची चावी रीतसर मागवून घ्यावी लागे. चावी मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली आगाऊ लिहून देणेच असल्यामुळे भित्र्या माणसांना थोडा वचक तरी बसे. एस-फोर-हाना या नव्या अवतारात ती चावीही गेली. मग अपग्रेडचा दिवस उजाडतो. मूळ कोडात केलेल्या यच्चयावत फेरफारांची यादी स्पाऊ नावाच्या पडद्यावर उलगडते आणि एकेका कलमासमोर, हा फेरफार कायम ठेवायचा की मोडीत काढायचा, याचा जबाब नोंदवावा लागतो. ज्याने ते फेरफार केले तो त्या यादीसमोर कधीच बसलेला नसतो. तो तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत, बहुधा दीडपट पगारावर, रुजू झालेला असतो.

या सर्व अनाचारावर उपाय म्हणून सॅपने 'क्लीन कोअर'चा घोष सुरू केला. आधी तीन पायऱ्यांची एक मांडणी होऊन गेली. ती लोकांच्या नीट अंगवळणी पडते न पडते तोच २०२५ साली तिच्या जागी चार वर्गांची नवी प्रतवारी आली. सॅपने जाहीरपणे खुल्या केलेल्या आणि पुढील आवृत्त्यांतही टिकवण्याची हमी दिलेल्या दारांतूनच जो कोड आत जातो, तो ए वर्गाचा. बापी वगैरे नावांच्या जुन्या, परंतु नांदत्या वाटांनी जो जातो, तो बी वर्गाचा; तिथे लेखी करार नसला तरी भरवसा आहे. सॅपच्या अंतर्गत वस्तूंना जो कोणाला न विचारता हात घालतो, तो सी वर्गाचा. आणि जो मूळ कोडच फिरवतो, किंवा सॅपच्या टेबलांत परभारे लिहितो, तो डी वर्गाचा. ही वर्गवारी लावण्याकरिता एटीसी नावाचा एक यांत्रिक तपासनीस नेमलेला आहे. डी दिसला की तो एरर दाखवतो, सी दिसला की वॉर्निंग देतो, बी दिसला की नुसती माहितीवजा सूचना करतो आणि ए दिसला की गप्प बसतो. म्हणजे माणसाने सर्वोत्कृष्ट काम केले असता त्याबद्दल चकार शब्द न काढण्याची वरिष्ठांची रीत यंत्रानेही आत्मसात केलेली आहे.

वयाने ज्येष्ठ आणि प्रोग्रॅमिंगमधून निवृत्तप्राय अशा माणसाला कोणते काम द्यावे असा पेच पडला, की कंपन्या त्याच्याकडे 'जागृती' सोपवतात. तदनुसार हे चार वर्ग आमच्या डेव्हलपर मंडळींना समजावून सांगण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यांची ज्ञानपिपासा खोलीतील एअरकंडिशनरच्या वाऱ्याबरोबर कमीजास्त होत असते, आणि समोर उघड्या लॅपटॉपवर चाललेले काम व्याख्यानाच्या टिपणांचे नसते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी एक घरगुती उपमा मनात घोळवून नेली होती. समजा, मी म्हणालो, तुम्ही सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात भाड्याने राहता. मालकाने भिंतीत स्वतः ठोकून दिलेल्या आणि भाडेचिठ्ठीत नमूद केलेल्या ज्या खुंट्या, त्यांवर कपडे टांगणे हा ए वर्ग. भाडेचिठ्ठीत उल्लेख नाही, पण मालकाच्या आजोबांच्या वेळेपासून ज्या आहेत आणि ज्या काढण्याचा त्याचा विचार दिसत नाही, त्या खुंट्या हा बी वर्ग. मालक गावाला गेला असता तुम्ही स्वतः ठोकलेला खिळा, ज्याच्या मागून विजेची तार गेली आहे की नळ हे तुम्हांला माहीत नाही, तो सी वर्ग. आणि मधली भिंत पाडून दोन खोल्यांचा हॉल करणे, हा डी.

वाड्याचे नाव काढताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावर काहीएक स्निग्ध भाव उमटेल अशी माझी अपेक्षा होती. परंतु समोरची पिढी वाकड आणि बाणेर येथील बाराव्या मजल्यांवर वाढलेली. एकाने विचारले, "सर, भिंत पाडायला सोसायटीची एनओसी लागते ना?" दुसऱ्याने डिपॉझिट परत मिळते का, ही शंका काढली. तिसरा मात्र, जो इतका वेळ मोबाइलात मान घालून बसला होता आणि ज्याच्याविषयी मी मनातल्या मनात दोन-तीन प्रतिकूल निष्कर्ष काढून ठेवले होते, तो मान वर न करताच म्हणाला, "पण सर, वाडा रीडेव्हलपमेंटला गेला तर?"

माझ्या उपमेचा राहिलेला अर्धा भाग त्याने पुरा केला होता. वाडा रीडेव्हलपमेंटला गेलेलाच आहे. २०१५ साली एस-फोर-हाना आले, तेव्हाच जुन्या इमारतीवर नोटीस लागली. जुन्या प्रणालीची नेहमीची देखभाल प्रथम २०२५ अखेर संपायची होती. मग २०२० साली ती मुदत २०२७ अखेरपर्यंत लांबवण्यात आली, आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत जुन्या भिंतींतच राहता येईल असेही ठरले. नव्या इमारतीत जाताना भाडेचिठ्ठीतल्या खुंट्या तेवढ्या बरोबर मिळतात. तुम्ही ठोकलेला खिळा मिळत नाही. आणि पाडलेली भिंत मिळते, पण ती पुन्हा उभी असलेली मिळते.

उपमा संपली तशी प्रश्नांना सुरुवात झाली, आणि पहिल्याच प्रश्नावरून माझ्या ध्यानात आले की समोरच्या मंडळींनी ए, बी, सी, डी ही अक्षरे ऐकताक्षणीच त्यांची गुणपत्रिका करून टाकली आहे. "सर, माझा कोड कुठला?" हा प्रश्न ज्या स्वरात आला, तो स्वर मी दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर ऐकलेला आहे. "बीवर भागेल ना?" असे विचारणाराही एक होता, हा पुढे मॅनेजर होणार यात शंका नाही. सर्वांत निराळी प्रतिक्रिया एका मुलीची होती. ती मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सचे काम करणाऱ्या एका कंपनीतून नुकतीच आमच्याकडे आली होती, आणि तिने लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर डी वर्गाचा शिक्का पाहून तिची मुद्रा उजळली. कारण मोटारींच्या सुरक्षेसाठी आयएसओ २६२६२ म्हणून जे प्रमाणमान आहे, त्यातही ए ते डी अशाच चार पायऱ्या आहेत आणि तिथे डी ही सर्वांत कडक. ब्रेक आणि स्टिअरिंग यांसारख्या जिवाशी गाठ असलेल्या कामांना ती लागते, आणि डी पातळीच्या कामावर आपली नेमणूक झाली हे पुण्यात घरी पेढे घेऊन जाण्यासारखे वृत्त असते. तिला खाली बसवून वस्तुस्थिती सांगणे हे माझ्या व्याख्यानातले सर्वांत अवघड काम ठरले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग विमानात?" विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे प्रमाणमान आहे आणि तिथे पुन्हा ए सर्वांत कडक: ए पातळीला ७१ उद्दिष्टे पुरी करावी लागतात आणि ई पातळीला शून्य. कार्डाने पैसे घेणाऱ्या दुकानदारांची जी वर्गवारी असते, तिथे पहिली पातळी सर्वांत जाचक. आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या परिपक्वतेची जी सीएमएम नावाची मोजपट्टी एके काळी बंगळूरपासून पुण्यापर्यंत प्रत्येक स्वागतकक्षाच्या भिंतीवर तसबिरीत लटकत होती, तिच्यात पाचवी पातळी सर्वांत वरची. जिन्याचे वरचे टोक कोणते याविषयी ज्या धंद्यात एकवाक्यता नाही, त्या धंद्यात नवख्या मुलांनी पाय चुकवला तर त्यांना दोष तरी कसा द्यावा?

वस्तुतः गुणपत्रिकेची ही समजूत मुळातच फसवी आहे. ए वर्गाचा कोड म्हणजे चांगला कोड नव्हे. सॅपने खुल्या केलेल्या दारांतूनच सभ्यपणे आत जाऊन, आत गेल्यावर लूपच्या पोटात लूप, त्याच्या पोटात आणखी एक लूप आणि त्याच्या पोटात डेटाबेसची चौकशी असा अघोरी प्रकार करणारा प्रोग्रॅम मी पाहिलेला आहे. तो ए वर्गाचा होता, आणि दुपारी कोणी तो चालवला की सगळ्या कारखान्याला चहाची सुटी मिळे. उलटपक्षी, काही सी वर्गाचे प्रोग्रॅम इतके नेटके, इतके मितभाषी आणि इतके विचारपूर्वक लिहिलेले असतात की ते वाचताना लेखकाचा पत्ता शोधून त्याला पोस्टकार्ड टाकावेसे वाटते. तुम्ही कोणत्या दाराने आलात एवढेच ही वर्गवारी सांगते. आत येऊन कसे वागलात हे सांगत नाही. मी हे तळमळीने सांगितले. श्रोत्यांनी ते टिपून घेतले, आणि लगेच पुन्हा विचारले, "पण सर, माझा कोड कुठला?"

चार वर्गांत माझे ममत्व म्हणाल तर सी वर्गावर आहे, कारण तो खरा मनुष्यस्वभावाचा वर्ग आहे. डी वर्गातला माणूस आपण काहीतरी वावगे करीत आहोत हे जाणून असतो. सी वर्गातल्याला त्याची गंधवार्ताही नसते. त्याने फक्त एक टेबल वाचलेले असते. वाचले म्हणून काय बिघडले? टेबल समोर होते, त्याचे नाव साऱ्या जगाला ठाऊक होते, एका ओळीत काम भागत होते, आणि त्याच्या आधीच्या सर्वांनी तेच केले होते. उदाहरणार्थ, विक्रीची ऑर्डर पुरी झाली की अर्धवट राहिली ही स्थिती जुन्या प्रणालीत व्हीबीयूके नावाच्या स्वतंत्र टेबलात लिहिली जाई. प्रलंबित ऑर्डरींची यादी काढणारा झेड रिपोर्ट साहजिकच त्या टेबलात डोकावे. नव्या प्रणालीत ही स्थिती ऑर्डरच्या मुख्य टेबलात, म्हणजे व्हीबीएकेत, नेऊन ठेवण्यात आली आणि नव्या ऑर्डरींची नोंद व्हीबीयूकेत पडणे थांबले. आता गंमत अशी की अशा वेळी प्रोग्रॅम मोडून पडता तर बरे होते. मोडलेला प्रोग्रॅम निदान ओरडतो. पण या रिपोर्टने तसे काही केले नाही. एका कारखान्यात तो अपग्रेडनंतरही रोज सकाळी नेमाने निघत राहिला आणि त्यात प्रलंबित ऑर्डरी दिवसेंदिवस कमी होत गेल्या. विक्रीप्रमुखांनी अभिनंदनाचा ई-मेल सर्व खात्यांना पाठवला. त्याला कारखान्याच्या साहेबांनी "कीप इट अप" असे उत्तर दिले. डिस्पॅचमधले लोक निवांत झाले. ही रामराज्याची स्थिती एका ग्राहकाने फोनवरून आपल्या मालाची चौकशी, प्रथम सभ्य आणि नंतर असभ्य भाषेत, करीपर्यंत टिकली.

वस्तूच्या क्रमांकाचीही तीच कथा. सॅपमध्ये प्रत्येक मालाला एक क्रमांक असतो. जुन्या प्रणालीत त्याची लांबी १८ अक्षरे होती, नव्या प्रणालीत ती ४० पर्यंत नेता येते. ज्यांनी आपल्या प्रोग्रॅमात सॅपच्या व्याख्येचा हवाला दिला, त्यांचे बहुतेक निभावले. ज्यांनी "अठरा म्हणजे अठरा, त्यात विचारायचं काय" असे म्हणून स्वतःच्या हाताने १८ लिहिले, त्यांच्या प्रोग्रॅमात लांब क्रमांकाचे शेपूट बिनबोभाट कापले जाते, आणि पहिली अठरा अक्षरे सारखी असलेला बोल्ट व त्याचा नट या दोघांत काही भेद उरत नाही. वेदान्ताच्या दृष्टीने ही मोठी सिद्धी आहे. गुदामाच्या दृष्टीने नाही.

डी वर्गाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण तो वर्ग मुळी लिहिण्याचा नसून कुजबुजण्याचा आहे. महिनाअखेर, रात्रीचे अकरा, जमाखर्चात एका आकड्याची तफावत, आणि मुंबईहून सीएफओंचा दर दहा मिनिटांनी फोन, अशा वेळी कोणीतरी अनुभवी इसम खुर्ची पुढे ओढतो, "जरा बाजूला होता का?" म्हणतो, आणि टेबलातला आकडा सरळ हाताने बदलतो. टेबले दाखवणाऱ्या एका पडद्यावर 'सॅप एडिट' असा एक गुप्त मंत्र टाकला की वाचनाचे टेबल लेखनाचे होत असे. हा मंत्र गुरूकडून शिष्याकडे कर्णोपकर्णी जाई, आणि पुढे सॅपने तो रद्द केला तेव्हा जुन्या सल्लागारांत सुतकी कळा पसरली होती. आपण केले ते चूक, हे त्या इसमाला सांगावे लागत नाही. त्याला फक्त इतकेच सांगावेसे वाटते, की बाबा रे, मालाच्या मुख्य टेबलाचे नाव 'मारा' असले तरी ती आज्ञा नव्हे.

यंत्राने ठपका ठेवला तरी माणसाला दाद मागण्याची सोय असावी, हे न्यायाचे तत्त्व सॅपलाही मान्य असल्यामुळे एटीसीत माफीचा अर्ज करता येतो. आमच्या कचेरीत याला 'एक्झेम्प्शन टाकणे' म्हणतात. अर्जदाराने कारण लिहावयाचे, मंजुरी देणाऱ्याने ते वाचून मान्य अथवा नामंजूर करावयाचे, आणि मंजूर झाल्यास तपासनिसाने त्या गुन्ह्याकडे काणाडोळा करावयाचा, अशी व्यवस्था आहे. हे अर्ज वाचण्याचे भाग्य मला अधूनमधून लाभते, आणि माझे प्रामाणिक मत असे आहे की आमच्या मुलांची सर्व साहित्यिक शक्ती कोडमधील कॉमेंटमध्ये नव्हे, या अर्जांत खर्ची पडते. "सदर प्रोग्रॅम २००८ सालापासून चालू असून त्याविषयी अद्याप कोणाचीही तक्रार नाही, सबब माफी मिळावी," असा एक अर्ज होता. ज्या युक्तिवादावर आपल्या नगरपालिकांच्या हद्दीतील निम्मी बांधकामे उभी आहेत, तो युक्तिवाद या तरुणाला कोणी न शिकवता सुचला याचे मला कौतुक वाटले. दुसऱ्या एका अर्जात कारणाच्या रकान्यात फक्त "क्लायंट" एवढाच शब्द होता. मी तो तत्काळ मंजूर केला. त्या एका शब्दात जे करुण होते ते परिच्छेदभर लिहूनही वाढले नसते.

माफी सहसा मुदतीची द्यावी असा दंडक आम्ही घालून घेतला, आणि तिथेच आमचा पाय खोलात गेला. कारण मुदत संपली की तो अर्ज पुन्हा येतो, आणि तोवर मूळ अर्जदार, मूळ मंजुरी देणारा आणि मूळ कारण ठाऊक असलेला क्लायंटकडचा माणूस असे तिघेही बदललेले असतात. कागदावर पूर्वीच्या मंजुरीचा दाखला मात्र असतो. सरकारी दप्तरांत पूर्वपरंपरेला जे स्थान आहे, ते आमच्या संगणकी दप्तरांतही तिने हळूहळू मिळवले. आता "पूर्वीप्रमाणे" एवढे लिहिले तरी काम होते.

हे सर्व वरिष्ठांना आकड्यांत हवे असते, आणि ते रास्तच आहे. चार वर्गांचे शेकडेवारी प्रमाण दाखवणारा रंगीत गोल दर महिन्याला त्यांच्यापुढे ठेवावा लागतो. त्यात तांबडा भाग कमी झाला की बैठक लवकर आटोपते. तांबडा भाग कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कोड सुधारणे नव्हे, तर जो कोड कोणी चालवतच नाही तो काढून टाकणे. हा मार्ग निर्दोष आहे, मी स्वतः त्याचा पुरस्कर्ता आहे. अडचण एवढीच, की कित्येक महिने ज्याला कोणी हात लावला नाही असा प्रोग्रॅम आपण फेब्रुवारीत पुसून टाकावा, आणि एकतीस मार्चच्या संध्याकाळी कळावे की लेखापरीक्षक वर्षातून एकदा, त्याच दिवशी, तोच चालवतात.

या शुद्धीकरणाच्या मोहिमेतच पुण्याच्या परिसरातील एका कारखान्यात आम्हांला जकातीचा प्रोग्रॅम सापडला. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर किती जकात बसते याचा हिशेब करून ती खरेदीच्या किमतीत मिळवणारा हा झेड प्रोग्रॅम कोणा बुद्धिमान माणसाने फार पूर्वी लिहिला होता. पुण्याच्या नाक्यांवरची जकात १ एप्रिल २०१३ रोजी गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. प्रोग्रॅमात त्याप्रमाणे कलम वाढवण्यात आले. २०१५ च्या ऑगस्टात तो करही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. पुन्हा एक कलम वाढले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटीने सर्वांचाच निकाल लावला, तेव्हा कोणीतरी सुरुवातीलाच दर शून्य अशी एक ओळ टाकली, शेजारी "तात्पुरता बदल" अशी कॉमेंट लिहिली, आणि प्रोग्रॅम तसाच चालू ठेवला. पुढे तो रोज पहाटे चार वाजता जागा होई, साऱ्या मालाची यादी वाची, प्रत्येक वस्तूवर अस्तित्वात नसलेल्या कराची आकारणी करी, आणि ते शून्य सॅपच्या टेबलात परभारे नेऊन लिही. म्हणजे वर्ग डी.

हा प्रोग्रॅम काढून टाकावा असे मी सुचवले. बैठकीत शांतता पसरली. खरेदीखाते म्हणाले, आमची हरकत नाही, पण हिशेबखात्याला विचारा. हिशेबखाते म्हणाले, आमची हरकत नाही, पण किमतीचा तो रकाना पुढे आणखी तीन रिपोर्ट वाचतात, ते कोणाचे आहेत ते आधी पाहा. ते तीन रिपोर्ट कोणाचे आहेत हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. अखेरीस कारखान्याच्या आयटी प्रमुखांनी सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढला: प्रोग्रॅम काढू नये, तो क्लीन कोअरच्या नियमांबरहुकूम नव्याने लिहावा. त्यासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक मंजूर झाले. आमच्या दोन हुशार मुलांनी काम अंगावर घेतले, मूळ प्रणालीला धक्का न लावता तो बाहेर क्लाउडवर नेऊन बसवला, केवळ खुल्या केलेल्या दारांतून माहिती आणवली, टेबलात परभारे लिहिणे बंद केले, लूपमधले लूप काढले, आणि प्रत्येक कलमाची चाचणी लिहिली. जकातीची, स्थानिक संस्था कराची आणि जीएसटीपूर्व कालखंडाचीही. एटीसीने तपासले आणि तो गप्प बसला. आता तो प्रोग्रॅम ए वर्गाचा आहे. पूर्वी शून्य काढायला त्याला पाऊण तास लागत असे, आता दोन मिनिटांत तो तेच काढतो, आणि तांबडा भाग कमी झाल्याचा गोल साहेबांच्या सादरीकरणात दुसऱ्या पानावर आहे.

परवा हिशेबखात्यातून फोन आला होता. शून्य बरोबर येत आहे असे त्यांनी आवर्जून कळवले. फक्त ते दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवता येईल का, अशी त्यांची विचारणा आहे.